टांकसाळ मुंबईची, नाणी जगाची

चांदीचं एक नाणं आहे. आपल्या जुन्या रुपयाहून बरंच मोठं, ३९ मिलिमीटर व्यासाचं आणि २६.९५ ग्रॅम वजनाचं. दर्शनी बाजूवर समुद्रकाठी उभी असलेली ब्रिटानिया आहे. तिच्या एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हाताशी ढाल आणि पाठीमागे दूरवर एक जहाज. मागच्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, आणि नाण्याचं मूल्य चिनीत व अरबी वळणाच्या मलय लिपीत लिहिलेलं. हाँगकाँग, सिंगापूर, पेनांग आणि चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरची बंदरं हा त्याचा मुलूख. भारतात ते कधीच चलन नव्हतं. पण भिंग घेऊन त्रिशुळाचं मधलं टोक पाहिलं, की तिथे एक बारीकसं ‘बी’ दिसतं. ते मुंबईचं आहे. फोर्टातल्या टांकसाळीत हे नाणं पडलं, बोटीत चढलं आणि पूर्वेकडे गेलं.

जगभरची नाणी जमवण्याचा छंद आपल्याकडे बहुधा नात्यागोत्यातून सुरू होतो. दुबईचा मामा, अमेरिकेतली आत्या, बोटीवर नोकरी करणारा शेजारी सुटीवर येताना मोड घेऊन येतो. मग अल्बम येतो, त्यात देशवार कप्पे होतात आणि ‘प्रत्येक देशाचं एक तरी’ हा नेम धरला जातो. यात आनंद आहेच. पण शंभर-दीडशे देश झाले, की पुढचं नाणं फक्त रिकामा कप्पा भरण्यासाठी घेतलं जातं आणि पुष्कळांचा छंद तिथेच मंदावतो. माझं ठाम मत असं, की देश मोजण्यापेक्षा एखादं सूत्र धरावं. कुणी जहाजांची चित्रं असलेली नाणी जमवतो, कुणी भोकाची, कुणी एकाच सालची. मराठी संग्राहकाला मी एकच सूत्र सुचवीन: मुंबईत पाडलेली परदेशी नाणी. जग त्यात भरपूर आहे, आणि प्रत्येक नाण्याचा माग आपल्या ओळखीच्या रस्त्यावर येऊन पोचतो.

रिझर्व्ह बँकेसमोरची, टाउन हॉलपासून हाकेच्या अंतरावरची ही टांकसाळ. खांबांच्या दर्शनी भागाची तिची इमारत १८२९ साली पूर्ण झाली. बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातली वाफेची यंत्रं इंग्लंडहून आणून इथे बसवली होती. हाताने घण मारून नाणी पाडण्याचा काळ देशी संस्थानांत अजून चालू होता, तेव्हा मुंबईत यंत्राने एकसारख्या वजनाचे, घोटीव काठाचे रुपये पडू लागले. ही ताकदच पुढे परक्यांच्या कामी आली.

त्याला निमित्त झालं १८९३ साल. तोवर कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि ठरलेला खर्च देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. पण जगात चांदीचा भाव घसरत चालला होता. युरोपातले देश एकामागून एक सोन्याकडे वळले होते, अमेरिकेतल्या खाणींतून चांदी वाहत होती आणि तिच्याबरोबर रुपयाची किंमतही पौंडाच्या तुलनेत उतरत होती. जून १८९३मध्ये सरकारने ही मुभा बंद केली. मुंबईच्या यंत्रांना काम कमी झालं.

नेमकी त्याच वेळी पूर्वेकडे चांगल्या डॉलरची टंचाई होती. चीनच्या किनाऱ्यावरचा व्यापार कित्येक दशकं स्पॅनिश आणि नंतर मेक्सिकन डॉलरवर चालत आलेला. ब्रिटिशांनी १८६६मध्ये हाँगकाँगला स्वतःची टांकसाळ काढून पाहिली, पण ती दोन वर्षांतच बंद पडली. तिची यंत्रं जपानला विकली गेली आणि ओसाकाच्या टांकसाळीत बसली. म्हणजे ज्या यंत्रांनी ब्रिटिश डॉलर पाडायचे, त्यांनीच पुढे जपानी येन पाडले! १८९५ साली अखेर लंडनने परवानगी दिली आणि बँकांनी आणलेल्या चांदीतून मुंबईत हे ब्रिटानियाचे व्यापारी डॉलर पडू लागले. थोडे कलकत्त्यातही पडले. त्यांच्यावर ‘सी’ आहे. पण मोठा वाटा मुंबईचा.

हे नाणं हातात घेतल्यावर मला सर्वांत जास्त मोह पडतो तो त्यावरच्या जखमांचा. चिनी सराफ अनोळखी नाण्यावर सहजी विश्वास ठेवत नसत. वजन करायचं, आवाज ऐकायचा, चांदी खरी निघाली की स्वतःच्या पेढीचा छोटा शिक्का ठोकून द्यायचा. पुढच्या सराफाने तो शिक्का ओळखला तर ठीक, नाहीतर तोही आपला शिक्का ठोकणार. काही डॉलर इतक्या हातांतून गेले, की ब्रिटानियाचा चेहरासुद्धा ओळखू येत नाही. पूर्वीचे संग्राहक असं नाणं खराब म्हणून बाजूला टाकत. आता खास ठोकशिक्क्यांची नाणीच जमवणारे लोक आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. कोरं करकरीत नाणं फक्त टांकसाळीबद्दल सांगतं. शिक्के बसलेलं नाणं बाजारपेठेत वावरून आलेलं असतं.

१९०३मध्ये सिंगापूर-पेनांगच्या वसाहतींनी, म्हणजे स्ट्रेट्स सेटलमेंट्सनी, स्वतःचा डॉलर काढला. सातव्या एडवर्डचा मुखवटा असलेला हा डॉलरही मुंबईत पडला. त्यासाठी तिथले जुने मेक्सिकन आणि ब्रिटिश डॉलर गोळा करून बोटींनी मुंबईला आणले, वितळवले आणि त्याच चांदीचे नवे डॉलर करून परत पाठवले. त्यामुळे १९०३ किंवा १९०४ सालच्या अशा डॉलरमधली चांदी मेक्सिकोच्या खाणीतून निघून पॅसिफिक ओलांडून, चीन-मलायात फिरून, मुंबईच्या मुशीतून पुन्हा सिंगापूरला गेलेली असू शकते. चीनसाठीचा व्यापारी डॉलर मात्र मधली काही वर्षं वगळून १९३५पर्यंत पडत राहिला. शेवटच्या साली अडुसष्ट लाखांवर नाणी पाडली, पण जवळजवळ सगळी वितळवली गेली. म्हणूनच आकड्याने लाखांत असलेलं हे साल आज अत्यंत दुर्मीळ आहे. किती पाडली यापेक्षा किती उरली, हे छंदात लवकर शिकायला मिळतं.

आता सोन्याकडे. पहिल्या महायुद्धात मुंबईत सोनं साचत होतं. युद्धामुळे ते लंडनला नेणं धोक्याचं होतं आणि देशात चलनाची ओढाताण होती. त्यावर उपाय म्हणून १९१८ साली मुंबईत आधी पंधरा रुपयांची सोन्याची मोहर पाडली गेली, सुमारे २१ लाख. मग लंडनच्या रॉयल मिंटची अधिकृत शाखा मुंबईत उघडली आणि ऑगस्ट १९१८पासून खुद्द ब्रिटिश सॉव्हरिन इथे पडू लागले. सुमारे १३ लाख सॉव्हरिन पडले, सगळ्यांवर १९१८ हेच साल. पुढच्या वर्षी शाखा बंद झाली. सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया या सॉव्हरिनच्या मोठ्या मालिकेत मुंबईचं हे एकुलतं एक साल. खूण सोपी आहे: मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज ज्या जमिनीवर ड्रॅगन मारतो, त्या जमिनीच्या रेघेत सालाच्या वर बारीक ‘आय’, म्हणजे इंडिया. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत गिनी म्हणून जपलेली, माळेत ओवलेली सॉव्हरिन आहेत. त्यांतल्या पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर एकदा भिंग फिरवून पाहावं.

या सगळ्यांत विलक्षण नाणं मात्र मारिया तेरेसा थालर. हॅब्सबर्ग साम्राज्याची ही राणी १७८० साली वारली. तिच्या नाण्यावरचं साल तेव्हापासून आजतागायत १७८०च आहे, कारण लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरचे लोक दुसरं साल असलेलं नाणं घेईनात. येमेनमधली कॉफी, इथियोपियातलं मीठ, जनावरं, बंदुका, सगळा व्यवहार याच नाण्यावर. २८ ग्रॅमच्या आसपास वजन, ८३ टक्क्यांवर चांदी आणि काठावर उठावाची अक्षरं. काठ घासून चांदी चोरता येत नसे, म्हणून ती अक्षरं महत्त्वाची. राणीच्या खांद्याजवळच्या पिनेवर नऊ मोती आहेत, आणि घेणारा ते मोजून घेई. मोती झिजलेलं नाणं परत मिळे.

मुंबईचा या थालरशी संबंध आधीपासूनचा. १८६७-६८मध्ये रॉबर्ट नेपियरचं सैन्य मुंबईहून अबिसिनियावर, म्हणजे इथियोपियावर गेलं, तेव्हा तिथे दाणागोटा आणि ओझ्याची जनावरं विकत घ्यायला ब्रिटिशांना व्हिएन्नाच्या टांकसाळीतून थालर मागवावे लागले. पुढे १९३५ साली मुसोलिनीने इथियोपियावर चढाई करण्याआधी ऑस्ट्रियाकडून थालरचे ठसे मिळवले. ब्रिटिश व्यापाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली आणि लंडननेही स्वतःचे ठसे करून थालर पाडायला सुरुवात केली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर हे काम मुंबईकडे आलं, आणि दोन कोटींच्या आसपास थालर इथे पडले. मेलेल्या ऑस्ट्रियन राणीचं नाणं ब्रिटिश सरकारसाठी मुंबईचे कामगार पाडत होते, आणि ते खर्च होत होतं इटालियन फौजांविरुद्ध आफ्रिकेत! या थालरवर ‘बी’ नाही, ‘आय’ नाही. मुंबईचा थालर ओळखायचा तो गरुडाच्या शेपटीतली पिसं आणि पिनेचा घाट यांच्या सूक्ष्म फरकांवरून. दोन-चार थालर शेजारी ठेवून रात्र रात्र पाहण्याचा हा उद्योग आहे, आणि मला तो अतिशय प्रिय आहे.

नव्या माणसाने मात्र याहून सोप्या आणि स्वस्त ठिकाणी सुरुवात करावी. १९४२ आणि १९४३ची ऑस्ट्रेलियाची पेनी आणि अर्धी पेनी. जपानच्या धास्तीने ऑस्ट्रेलियात सैन्य आणि कामगार वाढले, सुटे पैसे कमी पडले. चांदीची नाणी अमेरिकेच्या टांकसाळींनी पुरवली, तांब्याची मुंबईने. एका बाजूला उडी मारणारं कांगारू, दुसऱ्या बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखवटा आणि त्याच्या खाली ‘आय’. त्याच काळातली पूर्व आफ्रिकेची नाणीही पाहावीत: मधोमध भोक असलेले दहा सेंट आणि सिंहाचं चित्र असलेलं शिलिंग. त्यांवरही हेच अक्षर सापडतं. ही नाणी दुर्मीळ नाहीत, आणि तेच त्यांचं बलस्थान. शाळकरी मुलाच्या खिशाला परवडतात.

व्यापारी डॉलर आणि सॉव्हरिन घेताना मात्र डोळे उघडे हवेत. डॉलरच्या बनावट प्रती मुबलक आहेत. काहींना लोहचुंबक चिकटतं, बऱ्याच वजनात मार खातात. दशांश दोन स्थळांपर्यंत तोलणारा छोटा काटा हे या छंदातलं पहिलं हत्यार, भिंग दुसरं. ठोकशिक्केसुद्धा खोटे मारले जातात, त्यामुळे फक्त शिक्के दिसले म्हणून हुरळू नये. क्राउसचा जाडजूड कॅटलॉग एखाद्या जुन्या संग्राहकाकडे असतोच. त्यातला ‘केएम’ क्रमांक सांगितला, की कुठल्याही देशातल्या विक्रेत्याला तुमचं नाणं कळतं.

नाणं घासू नये. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही चांदीवरचा शंभर वर्षांचा थर एका मिनिटात काढून टाकतं आणि तो पुन्हा येत नाही. स्वस्त अल्बमची मऊ प्लास्टिकची पाकिटंही टाळावीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांतून हिरवट चिकटा सुटतो आणि नाणी खातो. कडक, स्वच्छ मायलरची पाकिटं आणि डब्यात सिलिका जेल एवढं पुरे.

कायद्याचंही भान हवं. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. १९१८चा सॉव्हरिन आता या मर्यादेत आला आहे, त्यामुळे परदेशातल्या मुलाला भेट म्हणून तो पाठवणं चालत नाही.

खरी नाणी काचेआड पाहायची तर फोर्टातच फिरोजशाह मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. थोडं पुढे जायची तयारी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे शिकलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं.

आणि प्रत्येक नाण्याची नोंद ठेवावी. कुठे घेतलं, कुणाकडून, कधी, कितीला, वजन किती, टांकसाळीची खूण कुठे. संग्राहक गेल्यावर घरची मंडळी डबा घेऊन सराफाकडे जातात आणि व्यापारी डॉलर चांदीच्या भावाने, मुंबईचा सॉव्हरिन सोन्याच्या भावाने मुशीत जातो. हे मी पाहिलं आहे. पाकिटावर चार ओळी लिहिलेल्या असल्या, तर निदान विचारावं कुणाला, हे तरी त्यांना कळतं.