खाली दगड, वर चुना

औंढा नागनाथच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना नजर आपसूक शिखराकडे जाते. ती जरा खाली आणावी. खरा इतिहास तिथे आहे.

खालचा भाग यादवकाळातला, साधारण १३व्या शतकाचा. घडीव दगडांत दगड अडकवून रचलेला. जोत्यावर हत्तींची रांग, त्यावर देवदेवता. भिंतींना जागोजागी कोन दिलेले, त्यामुळे ऊन सरकेल तशी एकेक मूर्ती उजळत जाते. काहींचे चेहरे फुटलेले. ते पाहताना पाय अडखळतात. देवळाचा वरचा भाग उद्ध्वस्त झाला होता. पुढे तो विटा-चुन्यात नव्याने उभा राहिला. या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. जुन्या-नव्याचा सांधा आजही उघड दिसतो, आणि तो झाकला नाही हे फार बरं झालं.

गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेने, अंग चोरून उतरावं लागतं.

संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते याच देवळात, असं वारकरी परंपरा सांगते. नामदेवांचं नर्सी गावही औंढ्यासारखंच हिंगोली जिल्ह्यातलं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. म्हणून पंजाबातले शीख भाविकही नर्सीला येतात.