चर्चच्या छत्राखाली कायद्याचे धडे

पुणे जिल्ह्यातल्या लवासाच्या डोंगरात ख्राइस्ट विद्यापीठात कायदा शिकवला जातो. विद्यापीठ मूळचे बंगळुरूचे. सेंट कुरियाकोस चावरा यांच्या परंपरेतल्या कॅथलिक संन्यासी संघाने 1969 मध्ये तिथे कॉलेज काढले, 2006 मध्ये विधी विभाग सुरू झाला आणि 2008 मध्ये अभिमत दर्जा मिळाला. धर्मसंस्थेने कायदा शिकवावा का, असा आक्षेप निघतो. पण वकिलीच्या शिक्षणाचे निकष 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ठरवते. संविधान, पुरावा, दिवाणी प्रक्रिया इथेही चुकत नाहीत. शिवाय अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांचे हक्क सांगणारे कलम 30 समजावताना 1974 चा सेंट झेवियर्स कॉलेजचा निकाल टाळता येत नाही. अहमदाबादच्या जेझुइट कॉलेजने गुजरात सरकारविरुद्ध लढवलेला हा खटला नऊ न्यायाधीशांपुढे चालला. व्यवस्थापन संस्थेचे, पण दर्जा राखण्यासाठी वाजवी नियमन सरकारचे, हे सूत्र त्यातून पक्के झाले.

खरा आक्षेप खर्चाचा आहे. बुऱ्हाणपूरसारख्या शहरातल्या सामान्य घराला पाच वर्षांची खासगी फी आणि वसतिगृह झेपणे कठीण. त्यामुळे अशा संस्थेला जोखायचे ते तिच्या धर्मावरून नव्हे. शिष्यवृत्ती किती गरजूंना मिळते आणि मोफत कायदेशीर मदत किती गावांत पोचते, यावरून.