नागपूरचा मे महिना आणि ब्रेकची नळी

भर मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर छोटं विमान उतरतं, तेव्हा त्याच्या ब्रेकवर एरवीपेक्षा जास्त भार येतो. त्याचं मूळ हवेत आहे! 45 अंशांना तापलेली हवा विरळ असते. तिच्यात पंखांना पुरेसा आधार मिळायचा तर विमानाला जास्त वेगानं यावं लागतं. वैमानिकासमोरचा वेगमापक मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, कारण तोही त्याच विरळ हवेचा दाब मोजत असतो. समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेशी ताडून पाहिलं, तर इथे गतिज ऊर्जा सुमारे 15 टक्क्यांनी जास्त भरते. तिचा मोठा वाटा ब्रेकच्या दोन डिस्क उष्णता म्हणून पोटात घेतात.

आणि त्या डिस्कला खेटूनच ब्रेकची नळी येते.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. असं विमान घरी बांधणाऱ्या प्रत्येकाला ही नळी निवडावी लागते. नायलॉनची नळी मोह पाडते: हलकी, स्वस्त, हवी तशी वळणारी. पण दाबाखाली ती वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. ती डिस्कजवळ फुटली, तर विमानाच्या ब्रेकमधलं लाल खनिज तेल तापल्या धातूवर पडून पेट घेऊ शकतं. तांबं सहज वाकतं खरं, पण सततच्या थरथरीनं कडक होऊन तडकतं. म्हणून विमानाच्या अंगातून जाणारी नळी बहुधा 5052 जातीच्या मऊ अॅल्युमिनियमची असते. पाव इंच जाडीच्या या नळीची भिंत जेमतेम मिलिमीटरभर, तरी पेडलवरचा दाब ती न फुगता चाकापर्यंत पोचवते. नळी फुगली, तर पायाचा जोर त्या फुगण्यातच खर्ची पडेल. सांधा जुळवण्यासाठी तिचं तोंड 37 अंशांत पसरवतात. मोटार गॅरेजमधलं अवजार बहुधा 45 अंशांचं असतं आणि त्यानं केलेला सांधा गळतो.

शेवटचा हातभर टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. उतरताना चाकाचा पाय लवतो, ब्रेकचा कॅलिपर सरकतो. तिथे ताठ नळी थकून तुटेल. तिथे आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टेनलेस स्टीलच्या तारांचं विणकाम असलेली लवचीक नळी लावावी. टेफ्लॉन दोनशे अंशांपलीकडेही टिकतं आणि तारांची वीण त्याला दाबानं फुगू देत नाही.