कर्करोगावर प्लॅटिनमचे औषध

बियाण्यात जसा वाण, तसा पेशीचा सारा कारभार डीएनए नावाच्या दुपदरी धाग्यात साठवलेला असतो. एका पेशीच्या दोन होण्याआधी त्याची नक्कल निघते. अमेरिकेत १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग यांना आढळले, की वीज सोडलेल्या प्लॅटिनमजवळ जंतू लांब वाढतात, पण दुभंगत नाहीत. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध पुढे आले. १९७८ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. ते धाग्याला दोन ठिकाणी चिकटून तो वाकवते. नक्कल अडते, कर्कपेशी मरते.

वृषणाच्या कर्करोगाचे बहुतेक रोगी आज बरे होतात. मात्र या औषधाने मूत्रपिंडे व कान यांना इजा होऊ शकते. कान वाजू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. आम्ही आग्रहाने सांगतो, वृषणात न दुखणारी गाठ लागली तरी लाजेपोटी लपवू नका.