नागपूरकरांचा ताज्या मासळीचा बेत

नागपूरहून समुद्र कोणत्याही दिशेस जवळ नाही. तथापि येथील मत्स्याहारी कुटुंबांना मासा अपरिचित आहे असे मात्र नव्हे. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांचे रोहू आणि कटला येथील स्वयंपाकघरांत पूर्वापार येत आहेत. समुद्राची मासळी येते ती बर्फात बसून. म्हणून तळलेला बांगडा किंवा सुरमई खावयाची तर किनाऱ्यावरच खावी, असे कोकणचा मनुष्य सांगतो. हा केवळ त्याचा अभिमान, की त्यात काही तथ्य आहे?

तथ्य आहे. खाऱ्या पाण्याशी समतोल राखण्यासाठी सागरी माशांच्या अंगी ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. त्याला स्वतःचा वास नाही. परंतु मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमेथिलअमाइन बनवितात व तोच शिळ्या मासळीचा उग्र दर्प होय. गोड्या पाण्यातील माशांत हे द्रव्य अत्यल्प असते. बर्फाने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. बांगडा व तारली यांच्या बाबतीत तर प्रश्न चवीपुरताच नाही. हे मासे उष्णतेत राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते, आणि ते कितीही तळले तरी नष्ट होत नाही. त्यापासून चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ उठणे, डोके दुखणे असे विकार होतात.

आता कधी जावे? नागपूरची शाळकरी मुले उन्हाळ्याच्या सुटीत मोकळी असतात, म्हणून जूनमधील प्रवास सोयीचा वाटतो. पण नेमका तोच काळ टाळावा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा पुष्कळ माशांच्या प्रजननाचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा होते व पुढे समुद्र निवळतो. दिवाळीची सुटी म्हणूनच सर्वांत उत्तम.

ठिकाण म्हणून मालवण निवडावे. 1664 साली शिवाजी महाराजांनी ज्याचे बांधकाम आरंभिले तो सिंधुदुर्ग किल्ला तेथे समोरच पाण्यात उभा आहे. जाण्याचे दोन मार्ग सोयीचे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरवरून कोल्हापुरास जाते. तेथून घाट उतरून मोटारीने मालवण गाठता येते. दुसरा मार्ग मुंबईवरून कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत. ही रेल्वे 1998 साली पूर्ण झाली. कोणत्याही मार्गाने प्रवास मोठा आहे. तेव्हा किनाऱ्यावर किमान तीन दिवस मिळतील असा बेत करावा.

बाजारात मासा पारखावयाचा तो डोळ्यांनी, नाकाने व बोटाने. डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालभडक, आणि बोटाने दाबल्यास मांस लगेच वर येणारे हवे. वास समुद्राचा यावा, सडका नव्हे. अशा माशाला मसाल्याचा फार आधार लागत नाही. मीठ, हळद, तिखट व कोकमाचे आगळ लावून थोडा वेळ ठेवावे, मग रव्यात घोळवून तव्यावर मध्यम आचेवर तळावे. रव्याचे कवच कुरकुरीत होते आणि आतील रस आतच राहतो.

एक गोष्ट मात्र पाहुण्याने विसरू नये. हातभर सुरमईऐवजी वीतभर पिल्लू ताटात आले तर ते स्वस्त नव्हे, महाग आहे. कारण ते एकदाही अंडी न घालता संपलेले असते. 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, व त्याच वर्षी पापलेटास राज्यमासा म्हणून मान दिला. नियम नौकांसाठी असला, तरी पिल्लांची मागणी गिऱ्हाइकाच्या ताटातूनच निघते. नागपूरच्या गिऱ्हाइकाने लहान मासा नाकारला, तर पुढील वर्षीच्या त्याच्याच प्रवासाची तरतूद समुद्रात शिल्लक राहील.