आयोवा बार्नस्टॉर्मर्स : इनडोअर फुटबॉलच्या एका संघाचा इतिहास

आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीचा, म्हणजे डी मॉइन शहराचा, इनडोअर फुटबॉल संघ. हे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याचे अमेरिकी फुटबॉल, आणि तेही छपराखाली, आईस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत बसवलेले. १९९५ मध्ये सुरू झालेला हा संघ तीन वेगवेगळ्या लीगमध्ये खेळला. एकदा तो विकला जाऊन न्यूयॉर्कला गेला, मग सहा हंगाम त्याच्या नावाचा संघच नव्हता, आणि पुन्हा तो त्याच शहरात, त्याच नावाने उभा राहिला. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, ही या खेळाची सर्वोच्च पायरी. बार्नस्टॉर्मर्स त्या पायरीच्या जवळपासही कधी नव्हते. तरीही त्या पायरीवरचा एक थोर खेळाडू याच संघात घडला.

या संघाची आणि या खेळाची सुरुवात एकाच माणसापाशी जाते. जिम फॉस्टर हे मूळचे आयोवाचे. १९८१ च्या फेब्रुवारीत ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहत होते. सॉकर छपराखाली खेळता येते तर आपले फुटबॉल का नाही, या विचाराने त्यांनी हाताशी असलेल्या एका मोठ्या लिफाफ्यावर छोट्या मैदानाचा आराखडा काढला. मध्यंतरी युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग नावाची नवी लीग निघाली आणि फॉस्टर तिच्या कामात गुंतले. ती बंद पडल्यावर त्यांनी लिफाफ्यावरचा आराखडा पुन्हा हाती घेतला. १९८६ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्डला चाचणी सामना झाला आणि १९८७ मध्ये पिट्सबर्ग, डेन्व्हर, वॉशिंग्टन आणि शिकागो या चार संघांची अरीना फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, सुरू झाली.

मैदानाची मापे पाहिली की फॉस्टर यांनी किती नेमका विचार केला होता ते कळते. नेहमीचे मैदान दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद असते. अरीना फुटबॉलचे मैदान ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद. दोन्ही टोकांना गोलरेषेमागचा आठ-आठ यार्डांचा एंड झोन धरला तर एकूण लांबी १९८ फूट होते. अमेरिकेतील आईस हॉकीचा रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. म्हणजे रिंकवर कृत्रिम गवताची चटई अंथरली आणि कडेच्या लाकडी भिंतींना गाद्या बांधल्या की मैदान तयार. कोणत्याही शहराला नवे स्टेडियम बांधावे लागत नव्हते. हॉकी नसलेल्या उन्हाळ्यात सभागृहाच्या मालकाला भाडे मिळणार होते आणि एनएफएल बंद असलेल्या त्याच महिन्यांत प्रेक्षकाला फुटबॉल.

जागा आक्रसली तसे नियमही बदलले. अकराऐवजी आठ खेळाडू आले. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न हा मूळ नियम राहिला, पण चौथ्या प्रयत्नाला चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे सावध खेळाला फारशी जागाच उरली नाही. गोलपोस्ट साडेअठरा फुटांऐवजी नऊ फूट रुंद झाले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी आली, ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच. या जाळीवर आपटून परत आलेला चेंडू मेलेला धरत नाहीत. तो झेलून पळता येते. बॉक्स क्रिकेट खेळलेल्यांना यातली गंमत लगेच समजेल. चेंडू खेळला जाण्याआधी एका खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने धावत सुटण्याची मुभाही होती, जी एनएफएलमध्ये नाही. त्याशिवाय बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागत. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, आणि आणखी काही मोजके जण तेवढे यातून सुटलेले. अशा खेळात दोन्ही संघांनी चाळीस-पन्नास गुण करणे ही नित्याची गोष्ट झाली.

फॉस्टर यांनी या खेळपद्धतीचे पेटंट घेतले आणि ते १९९० मध्ये मंजूर झाले. एखाद्या खेळाचे पेटंट ही विरळा बाब, आणि पुढे तिचे परिणाम मोठे झाले.

१९९५ मध्ये फॉस्टर यांनी आपल्याच राज्यात संघ काढला. आयोवा हे मक्याचे आणि विमा कंपन्यांचे राज्य. एनएफएल, बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकी यांपैकी कोणत्याही मोठ्या लीगचा संघ तिथे नाही. विद्यापीठांच्या संघांवर लोकांचे प्रेम असते, पण ते संघ उन्हाळ्यात नसतात. डी मॉइनमध्ये १९५५ मध्ये उघडलेले व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियम हे सुमारे अकरा हजार प्रेक्षकांचे सभागृह होते. आयोवाच्या शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धा तिथे भरत. प्रत्येक बाजूला सहा मुली असलेला तो खेळ राज्याचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि १९९३ पर्यंत चालला. लहान गावांतून मोटारी भरभरून लोक या सभागृहात खेळ पाहायला येत, ही सवय बार्नस्टॉर्मर्सच्या आधीपासूनची आहे. संघाच्या यशाचा विचार करताना ती विसरता येत नाही.

संघाचे नावही त्या भूमीतले आहे. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराची जुनी विमाने स्वस्तात विकत घेऊन वैमानिक गावोगाव फिरत, शेतात विमान उतरवत, हवेत कसरती करून दाखवत आणि पैसे घेऊन लोकांना फेरी मारून आणत. त्या वैमानिकांना बार्नस्टॉर्मर म्हणत. फॉस्टर यांच्या संघाच्या हेल्मेटवर जुन्या वैमानिकाचा मोठा चष्मा रंगवलेला होता. खेळाडूने हेल्मेट घातले की दोन प्रचंड डोळे समोर रोखलेले दिसत. अमेरिकी खेळांतल्या वेशभूषांमध्ये इतकी कल्पक हेल्मेट फार थोडी आहेत. सभागृहालाही लवकरच ‘द बार्न’, म्हणजे धान्याचे कोठार, हे टोपणनाव मिळाले.

प्रशिक्षक म्हणून जॉन ग्रेगरी आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सॅस्कॅचेवन रफरायडर्सने १९८९ मध्ये कॅनडाचा ग्रे कप जिंकला होता. कॅनडाच्या फुटबॉलमध्येही खेळाडूंना धावत सुरुवात करता येते. त्यामुळे अरीनाच्या छोट्या मैदानावर वेगाचा उपयोग कसा करायचा, हे त्यांना मुद्दाम शिकावे लागले नसावे.

क्वार्टरबॅक मात्र जवळपास वाया गेलेला मिळाला. कर्ट वॉर्नर यांचा जन्म १९७१ मध्ये आयोवातल्याच बर्लिंग्टनचा. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्यांना शेवटच्या वर्षीच मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळायला मिळाले. १९९४ मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सने सरावाला बोलावले आणि हंगाम सुरू होण्याआधीच वगळले. मग सीडर फॉल्समधल्या हाय-व्ही या किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर ते रात्रपाळीत फळ्यांवर माल लावू लागले. बार्नस्टॉर्मर्सने त्यांना घेतले ते इथून.

तीन हंगामांत वॉर्नर यांनी १०,१६४ यार्डांचे पास फेकले. हा आकडा बाहेरच्या मैदानाशी थेट ताडून पाहता येत नाही, पण त्यामागचे शिक्षण खरे होते. अरीनामध्ये बचाव करणारे खेळाडू जवळ असतात आणि विचाराला वेळ जवळजवळ नसतो. चेंडू हातात येताच तो सोडावा लागतो, तोही अरुंद फटीतून आणि नेमका. पुढे एनएफएलमध्ये वॉर्नर यांची जी हातोटी नावाजली गेली, ती याच छपराखाली तयार झाली.

१९९६ मध्ये बार्नस्टॉर्मर्सने १४ पैकी १२ साखळी सामने जिंकले. अरीनाबोल हा अंतिम सामना त्या वर्षी डी मॉइनमध्येच झाला, आणि टॅम्पा बे स्टॉर्मने तो ४२–३८ असा जिंकला. घरच्या प्रेक्षकांसमोर चार गुणांनी निसटलेले ते विजेतेपद संघाच्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे. पुढच्या वर्षी ११ विजय मिळवून संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. या वेळी फिनिक्समध्ये ॲरिझोना रॅटलर्सने ५५–३३ अशी मात केली. त्यानंतर वॉर्नर गेले ते परतलेच नाहीत.

त्यांची पुढची वाटचाल थोडक्यात अशी. एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्सने करारबद्ध करून त्यांना १९९८ मध्ये युरोपातल्या लीगमध्ये ॲमस्टरडॅमला पाठवले. १९९९ मध्ये रॅम्सचे मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघा दुखावून हंगामाआधीच बाहेर पडले आणि राखीव वॉर्नर पुढे आले. त्या हंगामात त्यांनी ४१ टचडाऊन पास, म्हणजे एंड झोनपर्यंत पोचून गुण देणारे पास, फेकले. जानेवारी २००० मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ४१४ यार्डांचे पास फेकून टेनेसी टायटन्सवर २३–१६ असा विजय मिळवून दिला आणि सामनावीराचा मान मिळवला. २०१७ मध्ये त्यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ते त्याआधीच होते. या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. भारतात अमेरिकी फुटबॉल रुजवण्यासाठी निघालेल्या एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पाठीराख्यांत वॉर्नर होते, आणि कोलंबोत खेळल्या गेलेल्या तिच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद ‘पुणे मराठाज’ने मिळवले.

वॉर्नर यांच्या यशाने अरीना लीगची प्रतिष्ठा वाढली, आणि त्या प्रतिष्ठेचीच झळ डी मॉइनला बसली. लीगला मोठी शहरे आणि मोठे मालक हवेसे वाटू लागले. एनएफएलच्या मालकांनी पैसा घातला, २००३ पासून एनबीसी वाहिनीवर सामने दिसू लागले. लहान शहरे मागे पडली. ऑल्बनीचा संघ २००१ मध्ये इंडियानापोलिसला गेला. बार्नस्टॉर्मर्सचा संघ आयलंडर्स या हॉकी संघाचे मालक चार्ल्स वांग यांच्याकडे गेला आणि २००१ पासून न्यूयॉर्क ड्रॅगन्स या नावाने लाँग आयलंडवर खेळू लागला. क्वार्टरबॅक ॲरन गार्सियाही संघाबरोबर गेले. डी मॉइनकडे नाव आणि हेल्मेट तेवढे राहिले. त्याच नावाने २००१ मध्ये एएफ२ या दुय्यम लीगमध्ये एक संघ उतरला, पण तो एका हंगामापुरताच. फॉस्टर यांनी शेजारच्या क्वाड सिटी भागात काढलेल्या स्टीमव्हीलर्स संघाने त्याच दुय्यम लीगची पहिली दोन्ही विजेतेपदे पटकावली. म्हणजे आयोवाच्या परिसरात खेळाची गोडी ओसरलेली नव्हती.

२००५ मध्ये डी मॉइनमध्ये वेल्स फार्गो अरीना हे नवे, मोठे सभागृह उघडले. जुन्या ऑडिटोरियमचे पुढे परिषद केंद्र झाले. नव्या सभागृहात २००८ मध्ये बार्नस्टॉर्मर्स पुन्हा जिवंत झाले, एएफ२ मध्येच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोठ्या एएफएलने २००९ चा हंगाम रद्द केला आणि पुढे ती दिवाळखोरीत गेली. तिच्याबरोबर न्यूयॉर्क ड्रॅगन्सही संपले. जो संघ मोठ्या शहराच्या आशेने उचलून नेला होता तो बुडाला आणि लहान शहरातला त्याच्या नावाचा वारस खेळत राहिला. २०१० मध्ये एएफएल नव्या व्यवस्थापनाखाली परत आली तेव्हा बार्नस्टॉर्मर्स तिच्यात दाखल झाले आणि पाच हंगाम खेळले.

दरम्यान फॉस्टर यांच्या पेटंटची मुदत २००७ मध्ये संपली होती. त्याआधी छपराखाली फुटबॉल खेळवणाऱ्या इतर लीगना परतीच्या जाळ्या वापरता येत नसत, म्हणून त्यांनी जाळीशिवायचा खेळ विकसित केला होता. दोन लीग एकत्र येऊन बनलेली इनडोअर फुटबॉल लीग, म्हणजे आयएफएल, त्याच परंपरेतली. तिचा पहिला हंगाम २००९ चा. तिचा विस्तार प्रामुख्याने मध्यम शहरांत होता आणि प्रवासाचा खर्च आटोक्यात राहत होता. २०१५ मध्ये बार्नस्टॉर्मर्स एएफएल सोडून आयएफएलमध्ये गेले. हा निर्णय खालची पायरी स्वीकारण्यासारखा दिसला, पण तो शहाणपणाचा ठरला. दोन वर्षांनी जुने प्रतिस्पर्धी ॲरिझोना रॅटलर्सही त्याच वाटेने आले. एएफएल २०१९ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली.

आयएफएलमध्ये तेव्हा शेजारच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स स्टॉर्मचा दबदबा होता. २०११ ते २०१६ अशी सलग सहा विजेतेपदे त्यांनी जिंकली होती. २०१८ च्या जुलैत युनायटेड बोल हा अंतिम सामना डी मॉइनला, वेल्स फार्गो अरीनामध्ये, याच स्टॉर्मविरुद्ध झाला. बार्नस्टॉर्मर्सने तो ४२–४० असा जिंकला. १९९६ मध्ये घरच्या मैदानावर चार गुणांनी हुकलेले विजेतेपद बावीस वर्षांनी दोन गुणांच्या फरकाने पदरात पडले. प्रशिक्षक डिक्सी वूटन यांचा हा संघ वॉर्नर यांच्या संघाइतका गाजला नाही, पण करंडक डी मॉइनला आणला तो यानेच.

कोविडमुळे आयएफएलचा २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ मध्ये बार्नस्टॉर्मर्स पुन्हा मैदानात उतरले, आणि त्याच वर्षी नाताळात वॉर्नर यांच्या आयुष्यावरचा ‘अमेरिकन अंडरडॉग’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. डी मॉइनमधले दिवस आणि जिम फॉस्टर यांची व्यक्तिरेखा त्यात आहे.