दशांश यंत्राचे सुटे भाग

१८२९ साली जेम्स नेस्मिथ नावाचा वीस वर्षांचा स्कॉटिश पोरगा लंडनला हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात नोकरी मागायला गेला. शिफारसपत्राऐवजी त्याने सोबत नेलं होतं स्वतः बनवलेलं वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल आणि आपली काही ड्रॉइंग. आठवड्याला १० शिलिंग पगार ठरला. पुढे मॉड्स्लेकडे २०० अश्वशक्तीच्या जोड-इंजिनाचं, जहाजावर बसतं तसल्या इंजिनाचं, हुबेहूब मॉडेल करायचं काम निघालं. त्याला ढीगभर इवलेसे षटकोनी नट हवे होते. कानशीने एकेक बाजू घासून सहाही बाजू सारख्या आणणं म्हणजे हाताची आणि डोळ्यांची परीक्षाच. नेस्मिथने एका लहान लेथवर फिरता कटर बसवला, नट धरायला साठ-साठ अंशांनी थांबणारी चकती जोडली आणि नट भराभर पाडायला सुरुवात केली. मिलिंग मशीनच्या इतिहासात ही नट पाडणारी जोडणी मानाने नोंदली जाते.

हा तपशील मला फार आवडतो. मॉडेलच्या सुट्या भागांसाठी मिलिंगची युक्ती निघाली, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी काही माणसं मिलिंग मशीनवर बसून मिलिंग मशीनच्याच मॉडेलचे सुटे भाग पाडतात. मीही त्यातलाच. हा छंद इंग्लंडात इतका मुरलेला आहे की त्याचं ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक १८९८ सालीच सुरू झालं. आपल्याकडे मासिक नाही, मंडळ नाही. पण पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे, आणि तिथल्या गाड्या धावतात. त्याही आधी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा घरी घडवला होता. १९२० सालचा ‘सैरंध्री’ ही त्या खटपटीची फलश्रुती. दातेरी चक्रं आणि पंजे हाताने घडवण्याची आपली वंशावळ तेव्हा अगदीच कोरी नाही.

हा उद्योग मी वांद्र्यात बसून करतो. वांद्र्याशी या विषयाचा संबंध काय, असं कुणी विचारेल. सिनेनटांचे बंगले आणि बीकेसीच्या काचा यांपलीकडचं वांद्रं डिप्लोमावाल्यांना नीट माहीत आहे. पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन, आणि तिथेच महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ. चंद्रपूरच्या नाहीतर सावंतवाडीच्या मुलाने वांद्रं पाहिलेलं नसतं, पण त्याच्या गुणपत्रिकेमागे हाच पत्ता उभा असतो. पश्चिमेला बँडस्टँडवर फादर आग्नेल आश्रमाच्या आवारात १९८४ साली सुरू झालेलं फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज अभियांत्रिकी महाविद्यालय. मिलिंग मशीनची आकृती काढून कॉलम, नी, सॅडल, टेबल, आर्बर अशी नावं देणं हा यंत्र शाखेच्या पोरांचा ठरलेला प्रश्न. त्या आकृतीतलं यंत्र टेबलावर मावेल एवढं करायचं म्हटलं, की ती नावं पाठ असून फारसं काही कळलेलं नव्हतं हे ध्यानात येतं.

एचएमटीची एफएन-२ ही मिलिंग मशीन पुष्कळ कारखान्यांत दिसते, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. तिचं टेबल १३५० बाय ३१० मिलिमीटर. एकास दहा प्रमाण धरलं तर मॉडेलचं टेबल १३५ बाय ३१, म्हणजे साधारण मोबाइलपेक्षा अरुंद पट्टी. लांबी-रुंदी-उंची दशांश झाली की वजन सहस्रांश होतं. दोन टनांचं यंत्र दोन किलोवर येतं. इथपर्यंत हिशोब सोपा. पुढे निसर्ग आडवा येतो, कारण सगळ्याच गोष्टी दहाने भागल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट बसणीची. मोठ्या यंत्रात ६० मिलिमीटरचा दंड भोकात मोकळा फिरावा म्हणून एच-७/जी-६ ही बसण दिली, तर दोघांमध्ये १० ते ५९ मायक्रॉन फट राहते. दहाने भागलं तर ६ मिलिमीटरच्या दंडाला १ ते ६ मायक्रॉन. प्रमाणित तक्ता मात्र ६ मिलिमीटरला ४ ते २४ मायक्रॉन देतो, आणि त्या तक्त्यामागे शंभरेक वर्षांचं शहाणपण आहे. तेलाच्या थराला जागा लागते, धुळीचा कण मॉडेलसाठी बारीक होऊन येत नाही. त्यामुळे मॉडेल प्रमाणाच्या मानाने मूळ यंत्राहून ढिलं असतं. ते चांगलं चालवायचं, तर मापं दशांश आणि कारागिरी मूळ यंत्राच्या तोडीची, किंबहुना काकणभर सरस लागते.

दुसरी गोष्ट कटरची. कटरचा व्यास निम्मा केला आणि बाहेर काढलेली लांबी तेवढीच ठेवली, तर त्याचा ताठपणा सोळावा हिस्सा उरतो. १ मिलिमीटरचा एंडमिल, म्हणजे टोकाने आणि बाजूने कापणारा कटर, डोळ्यांना सरळ दिसतो, पण कट घेताना वाकतो, आणि ते वाकणं कळतं ते मोडल्यावर. त्यात वेगाचं गणित. पितळ मिनिटाला ६० मीटर वेगाने कापायचं म्हटलं, तर १ मिलिमीटरच्या कटरला मिनिटाला सुमारे १९ हजार फेरे हवेत. प्रोक्सॉनचं छोटं एमएफ-७० यंत्र ५ ते २० हजार फेऱ्यांत चालतं, म्हणून अशा कामाला बरं. पण पोलादावर जरा जाड कट घ्यायला गेलं की ते किरकिरतं. बहुतेक छोट्या मिलिंग मशीन अडीच ते पाच हजारांवर दमतात. मग उपाय एकच, फीड हळू आणि कट पातळ.

पातळ कटातही मेख आहे, आणि ती माझ्या मते या साऱ्या उद्योगातली सर्वांत रंजक आहे. कटरची धार कितीही तेज वाटली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसर असते; त्या गोलाईची त्रिज्या काही मायक्रॉन भरते. मोठ्या यंत्रात दर दातामागे ०.०५ मिलिमीटरचा कीस निघतो, तेव्हा ही गोलाई नगण्य. मॉडेलच्या मापाने कीस ०.००५ मिलिमीटरचा घ्यायला गेलं, तर धार धातूत शिरतच नाही, वरून घासत जाते. पृष्ठभाग चकाकतो, माप जागचं हलत नाही. पुढच्या फेरीला साचलेला दाब एकदम सुटतो आणि कटर नको तेवढा आत जातो. नवख्याला वाटतं हात बिघडला. फीड जरा वाढवून धारेला चावायला धातू देणं हे त्यावरचं औषध. भीतीपोटी हात आखडणाऱ्याचं काम इथे जास्त बिघडतं.

आता भागांकडे. कॉलमपासून सुरुवात करायची, कारण बाकी सगळं त्याच्या चेहऱ्यावरून मोजायचं असतं. मूळ कॉलम पोकळ ओतीव बिडाचा. मॉडेलला मात्र भरीव बिडाचा ठोकळा घ्यावा, दोन-पाचशे ग्रॅम वजन वाढलं तर थरथर कमीच होते. सहा बाजू काटकोनात आणणं हे ऐकायला सोपं काम. व्हाइसचा हलता जबडा आवळताना किंचित उचलतो आणि जॉबला तिरका करतो. म्हणून जॉब आणि हलता जबडा यांच्यामध्ये गोल दांडीचा तुकडा आडवा ठेवतात. दाब एका रेषेवर येतो, आणि आधी सपाट केलेली बाजू स्थिर जबड्याला सपाट चिकटते. ही युक्ती पुस्तकात असते, पण टूलरूममध्ये शिकणाऱ्याला ती बहुधा कुणीतरी न बोलता हातातली दांडी पुढे करून शिकवतं.

नी, म्हणजे टेबलाला खालून उचलून धरणारा भाग, ज्या सरकत्या खाचेवर वर-खाली होतो ती डोव्हटेल, ६० अंशांची. २ मिलिमीटर खोलीच्या डोव्हटेलमध्ये व्हर्नियरचं टोक धड बसत नाही आणि कोपऱ्याला कापताना उरलेली धातूची कोर असते. म्हणून दोन्ही कोपऱ्यांत एकेक गोल पिन ठेवायची आणि पिनांवरून मायक्रोमीटरने मोजायचं. ६० अंशांसाठी पिनेच्या व्यासाला २.७३२ ने गुणून ते वजा केलं की डोव्हटेलची अरुंद बाजू मिळते. २ मिलिमीटरच्या पिनांना ५.४६४. पिना विकत घ्यायची गरज नाही. सुईसारख्या रोलरची जुनी बेअरिंग भंगारात सापडते. तिच्यातले रोलर कठीण पोलादाचे, गोल आणि मायक्रॉनच्या हिशोबाने एकसारखे. कुर्ल्याच्या भंगारवाल्याला आपण बेअरिंग फोडायला नेतोय हे सांगितलं नाही तर बरं, भाव वाढतो. दोन डोव्हटेलांमधला ढिलेपणा काढायला जिब म्हणून पाऊण मिलिमीटरची पितळी पट्टी आणि ती दाबायला एम-१.६ चे स्क्रू. त्या आट्यांचा पिच ०.३५ आहे, आणि टॅप मोडला तर बाहेर काढायचं साधन घरी नसतं. भोक किंचित मोठं पाडावं. आट्यांची पकड थोडी कमी झाली तरी चालते, टॅप वाचतो.

टेबलावरच्या टी-खाचा हा खरा डोंगर. १४ मिलिमीटरची खाच दशांशात १.४ मिलिमीटर होते. तिच्यातून खाली उतरून आडवं कापणाऱ्या कटरची मान त्याहून बारीक, सव्वा मिलिमीटरच्या आतली. असा कटर बाजारात मागितला तर नागदेवी स्ट्रीटचे दुकानदार तुमच्याकडे सहानुभूतीने बघतात. मग तीन वाटा उरतात. पहिली, सिल्व्हर स्टीलचा कटर स्वतः घडवून पाणी देणं. दुसरी, दातांच्या डॉक्टरांचे उलट्या शंकूचे बर वापरणं. खाचेच्या बाजू थोड्या तिरक्या येतात, पण बर चांगले कापतात. तिसरी, टेबल दोन थरांत करणं, खालच्या थरात रुंद खाच, वरच्यात अरुंद, आणि मग दोन्ही जोडणं. जाणकार तिसऱ्या वाटेला नाक मुरडतात. मला ती लबाडी वाटत नाही. जोड दिसत नसेल आणि टेबल वाकत नसेल, तर तक्रार कसली?

डायलचं काम मात्र निव्वळ आनंदाचं. मूळ यंत्रात स्क्रूच्या एका फेऱ्याला टेबल ५ मिलिमीटर सरकतं असं धरलं, तर दशांशात अर्धा मिलिमीटर, आणि एम-३ च्या साध्या आट्यांचा पिच नेमका ०.५ असतो. निसर्ग एवढ्या एकाच ठिकाणी आपल्या बाजूने उभा राहतो. ९ मिलिमीटर व्यासाच्या पितळी डायलवर ५० रेघा पाडायच्या. चाळीसास एक गुणोत्तराच्या इंडेक्सिंग हेडवर २० भोकांच्या वर्तुळात दर रेघेला १६ भोकं पुढे जायचं. दोन रेघांत सुमारे ०.५७ मिलिमीटर अंतर राहतं. दर रेघ म्हणजे टेबल १० मायक्रॉन सरकलं. वाचायला भिंग हवं, पण आकडा खरा असतो.

या भागांना धरायचं कसं, हा प्रश्न कापण्याहून जड आहे. शक्यतो भाग मूळ दांड्याला चिकटलेलाच ठेवून सगळी कामं उरकायची आणि तोडायचं सगळ्यात शेवटी. चपट्या भागांना सपाट पितळी पाटीवर सुपरग्लूने चिकटवायचं, काम झालं की तापवून सोडवायचं. खाली कडा असलेला ट्रे हवाच. पितळेचा स्क्रू फरशीवर पडला तर लोहचुंबक त्याला ओळखत नाही.

वांद्र्याच्या हवेचाही हिशोब वेगळा मांडावा लागतो. समुद्राकडच्या घरात जुलैमध्ये रात्री उघडं ठेवलेलं बीड सकाळी तांबूस दिसतं. तेलाचा हात फिरवून, गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावं लागतं. काही माणसांच्या हाताला असा घाम असतो की त्यांनी धरलेल्या पोलादावर बोटांचे ठसे गंजाने उमटतात. टूलरूममध्ये अशांना गेज हाताळू देत नाहीत. उष्णतेचं मात्र भय बाळगू नये. मोजमापाचं प्रमाणित तापमान २० अंश, आपली खोली ३२ वर. १०० मिलिमीटरचा पितळी भाग पोलादी मायक्रोमीटरने मोजला तर ९ मायक्रॉनची फसगत होते. पण आपला भाग १० मिलिमीटरचा असतो, आणि फसगत एका मायक्रॉनच्या आत येते.

मॉडेल नुसतं काचेत ठेवायचं की चालवायचं, यावर या छंदातली माणसं कायम वाद घालतात. मी चालवणाऱ्यांच्या बाजूचा. हॅंडल फिरलं तरी स्पिंडलमध्ये कटर बसत नसेल तर ती मूर्ती झाली. अवयव दशांश झाले की ताठपणाही साधारण दशांश होतो, पण कटही तेवढाच हलका घ्यायचा असल्याने मेण आणि पितळ ते यंत्र खरोखर कापतं. पोलादावर ते घासत राहील, त्याचं कारण वर धारेच्या गोलाईत सांगितलं आहे.

सर्वांत शेवटी रंग. मशीनवर फवारलेल्या रंगाचा थर ६० मायक्रॉनचा धरला, तर मॉडेलवर त्याच थराचा भास मूळ यंत्राच्या अर्ध्या मिलिमीटरहून जाड लेपाचा होतो. कोपरे बुजतात, ओतकामाचा खरबरीतपणा जातो, एवढ्या कष्टाने पाडलेली खाच भरून जाते. म्हणून एअरब्रशने पातळ रंगाचे दोनच हात द्यायचे. सरकते चेहरे आणि डायल आधी टेपने झाकायचे. आणि एचएमटीचा तो हिरवट राखाडी नेमका कोणता, यावर दोन जुन्या टर्नरांना एकत्र विचारायचं नाही.